दारात उभी असलेली बाई

१९९१ सालची गोष्ट. पुण्यातल्या एका कॉन्व्हेंटच्या दारात एक बाई आली. पोटुशी होती. नवऱ्यापासून जिवाला धोका आहे, आजची रात्र मला इथे राहू द्या, एवढंच तिचं मागणं होतं. तिच्यासमोर उभ्या असलेल्या सिस्टरचं नाव लुसी कुरियन. बाहेरच्या बाईला कॉन्व्हेंटमध्ये ठेवून घेण्याचा अधिकार त्यांना नव्हता. वरिष्ठांना विचारावं लागणार होतं. म्हणून त्यांनी तिला सांगितलं की उद्या ये, काहीतरी व्यवस्था करू. बाई घरी परत गेली. त्याच रात्री किंकाळ्या ऐकू आल्या. सिस्टर धावत बाहेर आल्या तेव्हा ती पेटलेली होती. नवऱ्यानं तिला जाळलं होतं. घोंगड्या टाकून आग विझवली, रुग्णालयात नेलं. बाई वाचली नाही आणि तिच्या पोटातलं मूलही वाचलं नाही.

सिस्टर लुसींनी ही हकिकत पुढे अनेकदा, अनेक ठिकाणी, स्वतःच्या तोंडानं सांगितली आहे. त्यात स्वतःला वाचवणारं एकही वाक्य त्या घालत नाहीत. खरं तर घालता आलं असतं. मठाचा नियम होता, तो त्यांनी मोडला नाही. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या तीन व्रतांवर कॅथलिक भगिनींचं सगळं आयुष्य उभं असतं. आज्ञापालनाचं व्रत घेतलेल्या बाईनं मनाला येईल तसं वागायचं नसतं, विचारून करायचं असतं. त्या दिवशी त्यांनी तेच केलं. कुठल्याही पुस्तकात त्यांचा दोष निघाला नसता.

मला या प्रसंगात सारखी दिसते ती एक गोष्ट. दारात जी सिस्टर उभी होती तिच्या मनात दया होती, पण हातात किल्ली नव्हती. ज्यांच्या हातात किल्ली होती ते दारात नव्हते. या दोघांमधल्या अंतरात एक रात्र गेली आणि त्या रात्रीत दोन जीव गेले.

लुसी कुरियन मूळच्या केरळातल्या कण्णूर जिल्ह्यातल्या. शिक्षणासाठी बाराव्या वर्षी मुंबईला आल्या आणि तिथे झोपडपट्टी पहिल्यांदा पाहिली. पुढे त्यांनी होली क्रॉसच्या भगिनीसंघात प्रवेश केला. हा संघ १८३८ साली सव्हॉय प्रांतातल्या शावानो नावाच्या खेड्यात सुरू झाला. तो भाग आज फ्रान्समध्ये आहे. क्लॉदिन एशेर्निए नावाच्या बाईंनी आणि मेर्मिए नावाच्या धर्मगुरूंनी तो उभा केला. खेड्यात राहायचं, गरिबांच्या घरी जायचं, आजाऱ्यांचं करायचं, मुलींना शिकवायचं, असं त्याचं साधं स्वरूप होतं. आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या तळेगावच्या माणसाला या संघाचं नाव परकं वाटण्याचं कारण नाही. नागपूरहून येणारा महामार्ग आमच्या गावावरून पुढे वर्धा नदी ओलांडून तिवसा, मोझरी करत अमरावतीला जातो, आणि अमरावतीचं होली क्रॉस कॉन्व्हेंट याच भगिनींचं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या परक्या देशातून इथल्या उन्हात येऊन राहिल्या. आमच्या भागातल्या किती घरांतून मुली तिथे शिकायला गेल्या असतील! ‘कॉन्व्हेंट’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर इंग्रजी शाळा, टाय आणि डोनेशन येतं. त्या भिंतीच्या आत राहणाऱ्या बायांनी घरदार सोडताना काय कबूल केलेलं असतं, याची आपण चौकशी केलेली नसते.

त्या रात्रीनंतर काय झालं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. असा घाव बसला की माणूस दोनपैकी एका वाटेनं जातो. एक तर स्वतःला दूषणं देत बसतो, किंवा नियमाकडे बोट दाखवून सुटका करून घेतो. दोन्ही वाटांनी त्या मेलेल्या बाईचं काही होत नाही, आणि तिच्यासारख्या उद्या दारात येणाऱ्या बाईचंही नाही. सिस्टर लुसी पुण्यातले जेझुइट धर्मगुरू आणि विद्वान फादर फ्रान्सिस डिसा यांच्याकडे गेल्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग पुढे काय करणार, असं विचारलं. हा प्रश्न साधा दिसतो. पण सांत्वन करून पाठवणं सोपं असतं आणि आपण बहुतेक वेळा तेवढंच करतो. ऐकून घेऊन समोरच्याला कामाला लावणारं माणूस आयुष्यात भेटावं लागतं.

१९९१ ते १९९७ अशी सहा वर्षं गेली. परवानगी हवी होती, पैसा हवा होता, जमीन हवी होती, आणि संघातल्या इतरांना पटवायचं होतं. एका सिस्टरनं शाळा, दवाखाना सोडून मारहाण झालेल्या बायांचं घर काढायचं, हे कुणाला चटकन पचणारं नव्हतं. ही सहा वर्षं वाचताना मला मदर तेरेसांची आठवण होते. कोलकात्याच्या लोरेटो कॉन्व्हेंटमध्ये त्या शिकवत होत्या. १० सप्टेंबर १९४६ ला दार्जिलिंगच्या गाडीत त्यांना वाटलं की आपण गरिबांतल्या गरिबांमध्ये जाऊन राहायचं. पण त्या दुसऱ्या दिवशी उठून निघाल्या नाहीत. आर्चबिशपांची आणि रोमची परवानगी येईपर्यंत थांबल्या आणि १७ ऑगस्ट १९४८ ला निळ्या काठांची पांढरी साडी नेसून भिंतीबाहेर पडल्या. ही आज्ञापालनातली चिकाटी बाहेरच्या माणसाला कळायला अवघड आहे. आपल्याला बंड समजतं, निमूटपणाही समजतो. पण नियमाच्या आत राहून, नियम करणाऱ्यांना वर्षानुवर्षं विचारत राहून, शेवटी नियमालाच जागा करायला लावायची, ही तिसरी रीत आहे आणि तिला बळ फार लागतं.

२ फेब्रुवारी १९९७ रोजी पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुक इथे ‘माहेर’ सुरू झालं. वढू म्हणजे छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीचं गाव. तिथे एक घर उघडलं आणि ठरवलं की दारात आलेल्या बाईला परत पाठवायचं नाही. कुणाला विचारायला जायचं नाही, आधी आत घ्यायचं. चौकशी, कागद, पोलीस, नवऱ्याशी बोलणी, हे सगळं तिनं दोन घास खाल्ल्यावर आणि एक झोप काढल्यावर. दारात जी उभी असेल तिच्याच हातात किल्ली. १९९१ च्या त्या रात्रीला दिलेलं याहून नेमकं उत्तर मला सुचत नाही.

पुढे बाया आल्या, बायांबरोबर मुलं आली. मग रस्त्यावर सोडून दिलेल्या, भान हरपलेल्या बाया आल्या. मग म्हाताऱ्या आल्या. ज्यांचं कुणी नाही असे पुरुषही आले. काम महाराष्ट्राबाहेर इतर राज्यांत गेलं. २०१६ च्या महिलादिनी राष्ट्रपतींच्या हस्ते सिस्टर लुसींना नारी शक्ती पुरस्कार मिळाला. पुरस्कारापेक्षा मला तिथली राहण्याची रीत मोलाची वाटते. मोठं वसतिगृह बांधून शेकडो मुलांना एका पंगतीत बसवण्याऐवजी त्यांनी लहान लहान घरं केली. एका घरात थोडीच मुलं आणि त्यांना सांभाळणारी एक गृहमाता. या गृहमातांपैकी कित्येक जणी कधी काळी स्वतः मार खाऊन, लेकरू काखेत घेऊन त्याच दारात आलेल्या असतात. मुलं गावातल्याच शाळेत जातात. बाई जिथे आधार घ्यायला येते तिथेच ती काही काळानं आधार देणारी होते. दान देणारे आणि दान घेणारे अशा दोन रांगा तिथे फार दिवस टिकत नाहीत.

आता एक प्रश्न, जो आमच्या भागात या विषयावर बोलायला लागलं की पहिल्या पाच मिनिटांत येतो. तो टाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. सिस्टर म्हटलं की लोक विचारतात, ‘धर्म बदलायला लावतात का हो?’

इतिहासात याचं उत्तर एका शब्दात नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांत आणि वऱ्हाड होरपळून निघाला. आई-बाप मेलेली मुलं रस्त्यावर होती. मिशनऱ्यांनी अनाथालयं काढली, मुलं जगवली आणि त्यांना आपल्या धर्मात वाढवलं. पंडिता रमाबाई कॅथलिक नव्हत्या, प्रॉटेस्टंट होत्या. पण त्याही तेव्हा मध्य प्रांतात फिरल्या आणि मुलींना, तरुण विधवांना गाडीनं पुण्याकडे घेऊन गेल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातूनच वाढलं. त्यांच्यावर त्या काळी झालेली टीका आपण शाळेपासून ऐकतो. ज्या मुली वाचल्या त्यांना त्या दुष्काळात आणखी कोण उचलून नेणार होतं, हा प्रश्न मात्र टीकेत फारसा येत नाही. मला दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवाव्याशा वाटतात. भुकेल्या माणसाचा धर्म बदलणं हे त्याच्या मनावरचं ओझं आहे. आणि भुकेल्या माणसाला धर्माच्या नावानं रस्त्यावरच ठेवणं हे त्याहून मोठं पाप आहे.

‘माहेर’नं या पेचातून आपली वाट स्वच्छ काढली. तिथे येणाऱ्या बाईला धर्म विचारत नाहीत आणि बदलायलाही सांगत नाहीत. दिवाळी, ईद, नाताळ सगळे सण होतात. काम करणाऱ्यांमध्ये हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, बौद्ध सगळे आहेत. एका कॅथलिक सिस्टरनं काढलेल्या घरात जातही चालत नाही आणि धर्माचा दबावही चालत नाही. हे सांभाळायला किती निग्रह लागत असेल! त्यांची स्वतःची श्रद्धा पक्की आहे. ती त्यांनी सेवेच्या मोबदल्यात कुणाकडून मागितली नाही. मला यात सिस्टर लुसींचा ख्रिस्त अधिक जवळचा वाटतो.

दार उघडलं की आपण कुणाच्या तरी वाटेत उभे राहतो, हेही इथेच सांगायला हवं. बाईला आत घेतलं की तिच्या नवऱ्याचा राग बाहेर येऊन उभा राहतो. गरिबाला कर्जातून सोडवलं की सावकाराचा धंदा बसतो. मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातल्या उदयनगरच्या सिस्टर राणी मारिया याच कारणानं मारल्या गेल्या. त्याही केरळच्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या. आदिवासी शेतमजुरांचे बचतगट त्यांनी बांधले, बँकेचं कर्ज कसं घ्यायचं हे शिकवलं. लोक सावकाराच्या वहीतून सुटू लागले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला जाणाऱ्या चालत्या बसमध्ये समंदर सिंग नावाच्या तरुणानं त्यांना चाकूनं भोसकलं. अंगावर पन्नासहून जास्त जखमा होत्या. बस भरलेली होती. पुढे त्यांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात जाऊन त्याच समंदर सिंगला राखी बांधून आली. घरच्यांनी त्याला माफ केलं, शिक्षेतून त्याची लवकर सुटका व्हावी म्हणून प्रयत्न केले आणि २००६ साली तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरमध्ये चर्चनं राणी मारियांना ‘धन्य’ म्हणून घोषित केलं. सावकाराच्या वहीत नाव असण्याचा अर्थ विदर्भात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. कापसाच्या आणि संत्र्याच्या आमच्या पट्ट्यात किती घरांच्या भिंतीवर कर्त्या पुरुषाचा हार घातलेला फोटो आहे! त्या फोटोखाली बसलेल्या बाईशी व्याजाचा हिशेब धीरानं बोलणारं कुणीतरी हवं असतं. राणी मारिया ते करत होत्या. शहीद वगैरे त्या नंतर झाल्या. आधी त्या बँकेचा अर्ज भरायला शिकवणारी बाई होत्या.

आमचा जिल्हा गांधीजींचा. दारात आलेल्या माणसाचं काय करायचं हा पेच सेवाग्रामलाही पडला होता. परचुरे शास्त्री म्हणजे संस्कृतचे विद्वान, येरवड्याच्या तुरुंगापासून गांधीजींना ओळखणारे. त्यांना कुष्ठरोग झाला. कुठेच ठाव मिळेना तेव्हा १९३९ च्या सुमारास ते आश्रमात आले. त्या काळी या रोगावर खात्रीचं औषध नव्हतं. आश्रमात लहान मुलं होती, स्वयंपाक एकत्र होता, लोकांच्या मनातली संसर्गाची भीती खरी होती. गांधीजींनी सगळ्यांना विश्वासात घेऊन त्यांना ठेवून घेतलं, आपल्या झोपडीजवळच त्यांच्यासाठी झोपडी बांधून घेतली आणि स्वतःच्या हातानं त्यांच्या अंगाला मालिश करू लागले. ती परचुरे कुटी आजही तिथे आहे. सहलीला गेलेली मुलं बापू कुटी पाहतात आणि ही बहुधा ओलांडून जातात. त्याआधीच, १९३६ साली, विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरुग्णांसाठी काम सुरू केलं होतं.

सेवाग्रामच्या दारात गांधीजी स्वतः होते. नियम करणारा, तो बदलू शकणारा आणि पाहुण्यासमोर उभा राहणारा माणूस एकच होता. पुण्याच्या त्या कॉन्व्हेंटच्या दारात तसं नव्हतं, आणि जगातल्या बहुतेक दारांत तसं नसतं. थोर माणसाची दया मोठी असते म्हणून त्याचं कौतुक होतं, पण किल्लीही त्याच्याजवळच असते हे आपण धरत नाही. लहान माणसाची दयाही तेवढीच असू शकते. त्याला विचारून यायला सांगितलेलं असतं, एवढाच फरक.

आता तळेगावकडे येतो. आमचं गाव हमरस्त्यावरचं. रात्री उशिरापर्यंत नागपूर-अमरावतीच्या गाड्या थांबतात, ट्रक चालतात, ढाबे जागे असतात. आष्टी, आर्वी, वरूडकडे जाणारी माणसं इथे गाडी बदलतात. संध्याकाळच्या एसटीतून एखादी बाई पिशवी आणि लेकरू घेऊन उतरते. तिचा चेहरा पाहिला की बघणाऱ्याला कळतं की ही सणाला माहेरी आलेली नाही. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. वर्धा नदीच्या पुलापलीकडे अमरावती जिल्हा लागतो आणि तिकडे नाही. नदीच्या अलीकडे काय काय मिळतं हेही सगळ्यांना माहीत आहे. ज्या घरात दारू पोचते तिथे बाई रात्री कशी झोपते, हे शेजारच्या घरालाही ऐकू येतं. शेजारी भिंतीपलीकडून ऐकतात आणि टीव्हीचा आवाज थोडा वाढवतात.

ती बाई माहेरी पोचली की आई दार उघडते. आईचा जीव तुटतो. पण ती म्हणते, ‘बस मा, पाणी पी, तुह्या बाबाले विचारतो.’ बाबा म्हणतात, भावाशी बोलून घेऊ. भाऊ म्हणतो, चार दिवस राहू दे, मग जावयाला बोलावून समजावून सांगू. चार दिवसांनी बैठक बसते. चार जाणती माणसं येतात, जावई मान खाली घालून ‘आता नाही पिणार’ म्हणतो, चहा होतो आणि लेकीला परत पाठवलं जातं. कुणी वाईट नसतं. आईला ठेवून घ्यायचं असतं, पण घर तिच्या नावावर नसतं. पोलीस चौकीत गेली तर समोर बसलेला शिपाई ऐकून घेतो आणि साहेब आल्यावर या म्हणतो. दवाखान्यात नर्सला वळ दिसतात, पण ‘पडले’ असं लिहिलं की तिचं काम भागतं. पहिल्या दारात जे माणूस भेटतं त्याला काही करायचा हक्क आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. सिस्टर लुसींची १९९१ ची रात्र आपल्या तालुक्यात आजही रोज कुठे ना कुठे येते. नंतरची सहा वर्षं मात्र कुणी घेत नाही.

आणि आता परिस्थिती १९९१ सारखी राहिलेली नाही, हे मला जोरानं सांगायचं आहे. तेव्हा मारहाणीतून बाई वाचवायला सासरच्या छळाविरुद्धचं कलम ४९८-अ सोडलं तर फारसं काही नव्हतं, आणि ते कलम गुन्हा घडल्यानंतरचं. रात्री कुठे राहायचं याचं उत्तर त्यात नव्हतं. २००५ साली कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून तो लागू आहे. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी त्या घरात राहण्याचा बाईचा हक्क त्या कायद्यानं मान्य केला. संरक्षण अधिकारी नेमायला लावले. दंडाधिकारी मारणाऱ्याला घराबाहेर राहायचा आदेश देऊ शकतात. शिवाय याच कायद्यात एक तरतूद आहे जी शेजाऱ्यांनी पाठच करावी. हिंसा होते आहे असं ज्याला वाटतं असा कुणीही माणूस संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि चांगल्या हेतूनं कळवलं असेल तर त्याच्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. म्हणजे टीव्हीचा आवाज वाढवणाऱ्या शेजाऱ्यालाही किल्ली दिलेली आहे. २०१५ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत ‘सखी’ केंद्रं सुरू झाली. तिथे बाईला पाच दिवसांपर्यंत राहता येतं आणि डॉक्टर, वकील, पोलीस यांची मदत एकाच जागी मिळावी अशी योजना आहे. वकिलाचा खर्च नाही म्हणून कुणी अडायला नको. विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो.

ही सगळी किल्ल्यांची जुडी सरकारी फायलीत पडून आहे. ती पहिल्या दारापर्यंत पोचलेली नाही. आशाताई, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, बसस्थानकावरचा वाहतूक नियंत्रक, रात्री उघडा असलेला ढाबेवाला आणि मुख्य म्हणजे आई. बाई पहिल्यांदा यांच्यासमोर उभी राहते. कायदा यांना माहीत नसेल तर तो झाला काय आणि न झाला काय.

सगळ्यांनी सिस्टर लुसी व्हावं असं मी म्हणत नाही. घरदार सोडून आयुष्य देणं सगळ्यांचं काम नाही, ते फार थोड्यांना जमतं आणि ज्यांना जमतं त्यांच्यापुढे मी हात जोडतो. पण त्यांनी वढूला जे ठरवलं त्यातला एक तुकडा उचलायला व्रतं घ्यावी लागत नाहीत. आलेल्या बाईला आज रात्री परत पाठवायचं नाही, एवढंच ठरवायचं आहे. समजूत, बैठक, चार माणसं, सगळं सकाळी. त्या रात्री ती जिवंत राहिली तरच सकाळच्या बैठकीला अर्थ आहे.

तळेगावच्या ग्रामपंचायतीला, बचतगटांच्या बायांना आणि गुरुदेव सेवा मंडळाच्या भावांना माझी हात जोडून विनंती आहे. महिलांसाठीची मदतवाहिनी १८१ आणि पोलिसांचा ११२ हे दोन आकडे बसथांब्याच्या भिंतीवर, शाळेच्या भिंतीवर, दवाखान्यात आणि पाण्याच्या टाकीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्या. त्याच्या खाली आपल्या तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचा नंबर लिहा, आणि तो बदलला की भिंतीवरही बदला. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. वाचणाऱ्यानं आपल्या घरातल्या आईला, बहिणीला, सुनेला हे आकडे आजच पाठ करायला सांगावेत.